नळीच्या दुसऱ्या टोकाला

सगळ्या नोकरीत मी एक वाक्य इतक्यांदा बोलले आहे की आता ते झोपेतही तोंडून निघत असेल. ‘घाबरू नका, हा आवाज फक्त तुम्हालाच ऐकू येतो.’ यानं समोरच्याला धीर येतो, अशी आमच्या विभागाची समजूत. खरं तर बरेच जण हे ऐकून आणखीच घाबरायचे. बाहेर कुठं काही वाजत नाही आणि आपल्याला मात्र ऐकू येतं, याचा अर्थ साध्या माणसानं काय घ्यायचा? एका गृहस्थांनी तर हे ऐकून बायकोकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हातात वेडाचा दाखलाच ठेवला.

मी कान तपासणारी. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घसा विभागातल्या बंद खोलीत माझं आयुष्य गेलं. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या असतात, बाहेरचा जरासाही आवाज आत येत नाही. तिथं माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. ज्यांच्या कानात आपोआप आवाज येतो, त्यांची तपासणी थोडी निराळी. मी एकेक आवाज वाजवून दाखवायची आणि ते सांगायचे, ‘याहून बारीक’, ‘याहून थोडा जाड’, ‘हा, हाच!’ त्यांच्या डोक्यातला आवाज सापडला की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे. हरवलेला नातेवाईक सापडावा तसा होतो, फक्त तो नातेवाईक नकोसा असतो.

कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला ट्रान्सफॉर्मरची घूं. बहुतेकांचं कारण साधं असतं. वय, जुना गोंगाट, कानातल्या नसेची झीज. आवाज जीव घेत नाही, पण आवाजाची भीती माणसाला पोखरते. लोक जेवत नाहीत, झोपत नाहीत, मेंदूत गाठ झाली म्हणून मृत्युपत्र करायला निघतात. म्हणून आम्हाला त्या वाक्याची सवय लागली.

मात्र आमच्या धंद्यात एक आवाज असा आहे की तो ऐकला की आम्हीच घाबरतो. सतत वाजणारा नव्हे, ठोक्यानं येणारा. नाडीबरोबर चालणारा. माणूस जिना चढला की भराभर, शांत बसला की सावकाश. हा आवाज कधी कधी मेंदूच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांतून येत असतो आणि तिथं काय बिघडलं आहे ते पाहिल्याशिवाय त्या माणसाला घरी सोडायचं नसतं. माझ्या पहिल्या साहेबांनी हे मला इतकं घोकून घेतलं होतं, की नवीन पेशंटला नाव विचारायच्या आधी मी ‘आवाज नाडीबरोबर चालतो का?’ हे विचारायची.

निवृत्त झाल्यावर सक्करदऱ्याच्या घरात बसून मी भाजी निवडत होते, तेव्हा एका कंपनीकडून बोलावणं आलं. त्यांनी कानातल्या आवाजावर घरच्या घरी वापरायचं यंत्र बनवलं होतं. डोक्यावरून जाणारी एक पट्टी, तिच्या दोन टोकांना कानामागे टेकणारी बटणं, आणि मुठीएवढी डबी. ज्याच्या त्याच्या डोक्यातल्या आवाजाशी जुळवलेला एक मऊ आवाज त्यातून हाडावाटे आत जायचा. रोज थोडा वेळ ते लावून पडायचं, म्हणजे हळूहळू मेंदू त्या कटकटीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, असं कंपनीचं म्हणणं. खरंच शिकतो का, हे लोकांच्या घरी जाऊन तपासायचं काम माझं. गादीच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला लोकांच्या घरात पाठवलं, इथंच सगळी गंमत आहे.

घरं आवाजानं भरलेली असतात, हे मला उशिरा कळलं. इतवारीतल्या एका सावजी भोजनालयाच्या मालकानं यंत्र लावलं ते खलबत्त्याच्या शेजारी बसून, आणि वर मला म्हणाला, ‘मॅडम, तुमची मशीन बोलतेच कुठं?’ दुसऱ्या एका बाईंनी पट्टी देवघरात ठेवली आणि आधी तिलाच फुलं वाहिली.

कंपनीचा नियम कडक होता. एक माणूस, एक यंत्र. घरात दुसऱ्या कुणी लावलं, तर आकडे बिघडतात. तसं आढळलं, तर यंत्र परत घ्यायचं आणि त्या घराला चाचणीतून काढून टाकायचं. हा नियम लिहिणारा माणूस आमच्याकडच्या कुठल्याच घरात जेवलेला नसावा. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ मला माहीत आहेत, जे कानाचं एकच मशीन वाटून वापरायचे. ज्याला लग्नाला जायचं असेल, तो ते घालणार. मी विचारलं तर धाकटा म्हणाला, ‘घरी बसल्या काहून लावाचं? घरचे काय बोलतेत ते तं पाठच हाय.’ चष्मा घरात एक असतो. बीपीच्या गोळ्या शेजारणीला देतात, तिचंही डोकं दुखतं म्हणून. दुखणं ज्याचं त्याचं, पण औषध घराचं.

तर रामटेकचं घर. गडाच्या पायथ्याकडून आत गेलं की देवरावजींचं घर लागतं. आयुष्यभर त्यांनी राईस मिल चालवली होती. धान भरडणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून माणसाचे कान जसे होतात, तसे त्यांचे झाले होते. ऐकू कमी येत होतं आणि वरून उजव्या कानात सतत शिट्टी. मिल आता मुलगा प्रवीण पाहत होता, पण मिल बंद असली तरी देवरावजींची शिट्टी चालूच. माझ्या यादीतला हा सर्वांत गुणी पेशंट. वेळेवर यंत्र लावायचे, जसं आहे तसं सांगायचे. त्यांची नाडी, त्यांचा आवाज, सगळं मी नीट तपासलं होतं. सरळ, एकसारखी शिट्टी. भीतीचं काही नव्हतं.

त्यांच्या पत्नी सिंधूबाई. चहा द्यायच्या, तांदूळ निवडत दाराशी बसायच्या, बोलायच्या कमी. डाव्या कानामागे पदरातून बोट दाबून बसायची त्यांची लकब होती. आमच्या बायकांचा पदर कानामागे सावरायला जातोच हात, म्हणून त्यात पाहण्यासारखं मला काही वाटलं नाही. निवडून झालं की त्या देवरावजींच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायच्या, सुपात काही खडा राहिला का ते बघायच्या आणि चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवायच्या. ते तोंड पुढं करायचे. मला ते बघायला आवडायचं.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा यंत्राची पट्टी आवळलेली दिसली. देवरावजींचं डोकं चांगलं मोठं, मी स्वतः पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढून दिली होती. वाटलं, नातवंडानं खेळलं असेल. पण घरात नातवंड नव्हतं. पट्टी पुन्हा ओढून दिली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच, आणि शिवाय डाव्या बाजूचा आवाज पार वर चढवलेला. देवरावजींची शिट्टी उजवीकडची. डावीकडे त्यांना काय करायचं होतं?

मी चिडले. माझा स्वभाव तसा तापटच, बंद खोलीत तो कुणाला दिसायचा नाही इतकंच. मी म्हणाले, देवरावजी, शेजारीपाजारी कुणाला लावू देता का? त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मला त्या शपथेचा आणखी राग आला. मी सरळ सांगितलं की काहून खोटं बोलता, असं असेल तर मला यंत्र न्यावं लागेल, आणि पट्टी खोक्यात भरायला घेतली.

देवरावजींचा चेहरा पडला. या यंत्रानं त्यांना कित्येक वर्षांनी दुपारची झोप दिली होती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी पिशवी उचलून अंगणात आले तेव्हा सिंधूबाई मागून आल्या आणि माझा हात धरून मला स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं.

‘मॅडम, त्याईची मशीन नका नेऊ जी,’ त्या म्हणाल्या. ‘ते झोपले का मीच लावतो. मले बी येते आवाज.’

मी कपाळाला हात लावला. चाचणी गेली, आकडे गेले, आता कंपनीला काय सांगू, हेच डोक्यात. सवयीनं, अगदी सवयीनं, मी विचारलं की कसा येतो आवाज, वाजवून दाखवा. शेजारी सूप पडलं होतं. त्यांनी बोटानं सुपावर वाजवायला सुरुवात केली. टप. टप. टप. बोट वाजत असताना मी त्यांचं दुसरं मनगट धरलं.

बोट आणि नाडी एकाच ठोक्यावर चालली होती.

इतकी वर्षं मी नवीन माणसाला पहिला प्रश्न नाडीचा विचारला. या बाईला कुणी विचारलाच नव्हता, कारण ती पेशंट नव्हती, ती चहा देणारी होती. मी त्यांना तिथंच ओट्याला टेकवून बसवलं आणि पिशवीतून माझी नळी काढली. ही नळी डॉक्टरांच्या छातीच्या नळीसारखीच दिसते. कानाचं मशीन नीट वाजतंय का हे आम्ही तिनं ऐकतो. दुसऱ्या टोकाला छोटी वाटी बसवता येते. मी ती वाटी त्यांच्या डाव्या कानामागे, त्या जिथं बोट दाबायच्या तिथंच, टेकवली.

नळीतून आवाज आला. चुलीत कुणीतरी फुंकणीनं दमानं फुंकावं तसा. फूस. फूस. फूस. 

दुसऱ्याच्या डोक्यातला आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पुस्तकात वाचलं होतं, साहेबांनी सांगितलं होतं. पण जो आवाज ‘फक्त तुम्हालाच’ असतो म्हणून मी जगभर सांगत फिरले, तो माझ्या कानात वाजत होता आणि तो थांबत नव्हता. मी नळी काढली, पुन्हा लावली. तो होताच. बाईंचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता आणि मला काय ऐकू आलं हे माझ्या चेहऱ्यावर लपणार नव्हतं.

‘तुमाले बी आला का ऐकू?’

मी मान डोलावली. त्यासरशी सिंधूबाईंच्या डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं, आणि त्या हसत होत्या. माझा हात दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, ‘मंग मी याडी नाही ना वं बाई? मले वाटे मी मावशीवानी होऊन राहिली.’

त्यांच्या मावशीला म्हणे आवाज यायचे. घरच्यांनी तिला अंगात आलं म्हणून आधी मांत्रिकाकडे नेलं, मग परसात बांधून ठेवलं, आणि ती तशीच गेली. सिंधूबाईंनी हे लहानपणी पाहिलं होतं. म्हणून आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कधीपासून येतो ते त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. नवऱ्याच्या कानात मिलचा आवाज होता, त्याला कारण होतं, लोक त्याला दवाखान्यात न्यायचे. त्यांच्या आवाजाला कारण नव्हतं. मग घरात यंत्र आलं. एका दुपारी त्यांनी ते लावून पाहिलं आणि पहिल्यांदा त्या ठोक्यावर मऊ पांघरूण पडलं. त्या मला आशीर्वाद देत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते पांघरूण होतं आणि त्याखाली काय चाललं आहे ही भीती. मी आणलेल्या यंत्रानं तो आवाज असाच झाकून ठेवला असता, त्या समाधानानं तांदूळ निवडत बसल्या असत्या, आणि एक दिवस.

मी देवरावजींना बोलावलं आणि जितकं सांगता येईल तितकं सांगितलं. नागपूरला आजच जायचं, स्कॅन करायचा, थांबायचं नाही. सिंधूबाई तयार होईनात. आता तर बरं वाटते, धान कापणी चालू हाय, पुढच्या आठवड्यात पाहू. देवरावजी बायकोला म्हणाले, ‘बाजूले बसून राहिली इतके वर्ष अन्‌ मले नाही सांगितलं?’

त्या म्हणाल्या, ‘तुमाले ऐकू कुठं येते?’

देवरावजी उठले आणि प्रवीणला गाडी घेऊन बोलावलं.

त्या प्रवासाइतकी भीती मला पुढं-मागं कधी वाटली नाही. धोका मला माहीत होता, उपाय माझ्या हातात एकही नव्हता. रस्त्यावर खड्डा आला की मी प्रवीणला हळू म्हणायची. सिंधूबाईंनी यंत्र लावू का विचारलं, मी नको म्हणाले. झाकलेला आवाज मला नको होता, तो जसा आहे तसा मला हवा होता. मी दर थोड्या वेळानं विचारत होते, येतो का? त्या म्हणायच्या, येते. मनसर गेलं, येते. कन्हानच्या पुलावर मी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘थांबला.’

प्रवीणला गाडी बाजूला घे म्हणणार, तेवढ्यात पाहिलं, त्यांचं बोट कानामागे दाबलेलं होतं. मी हळूच त्यांचा हात खाली घेतला. त्या म्हणाल्या, ‘आला वापस.’ दाबलं की थांबतो, हे त्यांना कधीचं माहीत होतं. आवाज करणारी रक्तवाहिनी तिथूनच जाते. पदर सावरायची लकब म्हणून मी जे पाहत होते, ते त्यांनी स्वतःवर शोधलेलं औषध होतं.

आमच्या जुन्या विभागातल्या डॉक्टरांनी नळी लावली आणि लगेच फोन उचलला. मेंदूच्या नसांच्या डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावलं ते साधं होतं. मेंदूच्या आवरणात एका धमनीनं रक्त भलत्याच वाटेनं थेट शिरेत सोडायला सुरुवात केली होती. धमनीतलं रक्त जोराचं, शीर पातळ. त्या जोराचा तो आवाज. शीर फुटली तर मेंदूत रक्त. कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण वाट बघू नये. जांघेतून बारीक नळी आत नेऊन ती वाट बुजवायची.

सिंधूबाईंना आत नेण्याच्या आधी देवरावजींनी मला विचारलं, मी ऐकू का? मी त्यांच्या कानात नळी घातली आणि वाटी सिंधूबाईंच्या कानामागे धरली. खाटेच्या बाजूला वाकून, डोळे मिटून, ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. सिंधूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी नळी काढून माझ्या हातात दिली.

‘मले तं माहाच आवाज येऊन राहिला,’ ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

बाहेर बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांची शिट्टी त्या दिवशी फार चढली होती, ते सारखे कान चोळत होते. पिशवीत यंत्र होतं. मी लावता का विचारलं. त्यांनी नकाराची मान हलवली. इतके दिवस तिनं झाकून ठेवलं, आज मी कशाले झाकू, असं काहीतरी ते पुटपुटले; तरी यंत्र मी त्यांच्यापाशीच ठेवलं. आम्ही दोघंही घाबरलेलो होतो आणि दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला धीर द्यायचं सुचत नव्हतं. इतकी वर्षं लोकांना घाबरू नका म्हणून सांगणारी मी, मला त्या बाकावर एक शब्द सापडला नाही.

सिंधूबाई वाचल्या. वाट बुजली, आवाज गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की हे पुन्हा होऊ शकतं, तपासण्या चुकवू नका, आणि आवाज परत आला तर लगेच या.

कंपनीला मी सगळं खरं कळवलं. नियमाप्रमाणे देवरावजींना चाचणीतून काढलं, आणि त्यांचं यंत्र परत आणायची कामगिरीही माझ्याकडेच आली. मी भीतभीतच गेले. देवरावजींनी यंत्र पुसून, खोक्यात घालून, तयार ठेवलं होतं. शिट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, हाय आपल्या जागी. कंपनीनं पुढच्या घरांसाठी पहिल्या भेटीत घरातल्या सगळ्यांना नाडीचा प्रश्न विचारायचा, असा नियम केला, एवढं मात्र झालं. मी स्वतः आता चहा घेऊन येणाऱ्यालाही विचारते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

निघताना देवरावजींनी मला थांबवलं. माझी ती जुनी नळी मिळेल का म्हणाले. रोज सकाळी ऐकायची आहे, परत येतो का बघायला. त्या नळीतून त्यांना काहीही ऐकू येणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. धोका खरा होता आणि पहाऱ्यावर असा माणूस बसत होता ज्याला फक्त स्वतःची शिट्टी ऐकू येते. तरी मी नळी दिली. त्यांनी लगेच खुर्ची ओढली, सिंधूबाईंचा पदर बाजूला केला, वाटी टेकवली आणि डोळे मिटले.

मी सिंधूबाईंकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरची भीती त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मान न हलवता त्या हळूच मला म्हणाल्या, ‘त्याईले काही ऐकू येत नाही, मले ठाऊक हाय. आला तं मीच सांगन ना आता.’